दुसऱ्यांची नाणी वाचणारा माणूस

*नोकरी टांकसाळीत. छंद जुन्या नाण्यांचा, आणि बरीचशी नाणी तर इतरांची! तीच नाणी तपासता तपासता जेम्स प्रिन्सेप दोन हरवलेल्या लिप्यांपर्यंत पोहोचला. त्याची ही गोष्ट. तुमच्या घरातल्या नाण्यांच्या डब्यालाही ती लागू पडते.*

घर आवरताना एखादा जुना पत्र्याचा डबा हाती लागतो. बिस्किटांचा नाहीतर चहाचा. उघडून पाहावं तर आत नाणी! भोकाचा पैसा, ढब्बू पैसा, एखादी झिजलेली शिवराई, आणि काही अशी की त्यांच्यावर काय लिहिलंय ते कुणालाच सांगता येत नाही. आजोबांनी जमवलेली. आजोबा आता नाहीत. कोणतं नाणं कुठून आलं, कुणी दिलं, ते काही त्यांनी लिहून ठेवलेलं नाही. मग आपण काय करतो? दोन मिनिटं बघतो, फोटो काढून स्टेटसला टाकतो, 'याची किंमत किती येईल' असं कुणाला तरी विचारतो आणि डबा परत माळ्यावर.

आता कल्पना करा, असा एक डबा नाही, असे कितीतरी डबे तुमच्याकडे येताहेत. काबूलहून, पंजाबातून, जौनपूरहून. पाठवणारे सगळे वेगळे. कुणी सैन्यातला अधिकारी, कुणी डॉक्टर, कुणी प्रवासी, कुणी बातम्या पुरवणारा. सगळ्यांचा प्रश्न एकच. हे काय आहे, सांगा बुवा! आणि तुम्हालाही ती अक्षरं वाचता येत नाहीत. कारण जगात कुणालाच ती वाचता येत नाहीत.

सुमारे 190 वर्षांपूर्वी कोलकात्यातल्या एका तिशीतल्या तरुणावर ही वेळ आली होती. त्याचं नाव जेम्स प्रिन्सेप.

डोळ्यांनी करिअर बदललं

जेम्सचा जन्म 20 ऑगस्ट 1799 चा, इंग्लंडमधला. घरात भावंडांचा गोतावळा, हा दहावा. वडील जॉन प्रिन्सेप तरुणपणी जवळपास रिकाम्या खिशाने भारतात आले होते, निळीच्या धंद्यात पैसा कमावून परत गेले होते. जेम्सचा हात चित्रकलेत चांगला. नकाशे, आराखडे, बारीक यंत्रं यांत रमणारा मुलगा. त्यामुळे ठरलं, की हा आर्किटेक्ट होणार. ऑगस्टस प्युजिन या नावाजलेल्या माणसाकडे त्याचं शिक्षणही सुरू झालं.

आणि मध्येच डोळ्यांनी दगा दिला. संसर्ग होऊन नजर इतकी अधू झाली, की बारीक रेषांचं काम जमेना. झालं, आर्किटेक्ट होण्याचं स्वप्न तिथेच संपलं. डोळे पुढे सुधारले, पण तोपर्यंत वाट बदलली होती. वडिलांनी ओळखीपाळखीतून एक जागा शोधली. भारतातल्या टांकसाळीत धातूचा कस तपासणाऱ्यांची गरज होती. म्हणजे नाण्यात चांदी किती, भेसळ किती, हे तपासायचं. त्यासाठी जेम्सने लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये रसायनशास्त्राचे धडे घेतले, मग तिथल्या शाही टांकसाळीत उमेदवारी केली आणि सप्टेंबर 1819 मध्ये, विशीत पाऊल टाकताना, तो भाऊ हेन्रीबरोबर कोलकात्यात उतरला.

पुढच्याच वर्षी त्याला वाराणसीच्या टांकसाळीवर पाठवलं. तिथे तो सुमारे दहा वर्षं राहिला. नोकरी सांभाळून या माणसाने काय काय केलं बघा. शहराचा बारकाईने नकाशा काढला. घाटांची, देवळांची, गल्ल्यांची चित्रं काढली, ती पुढे पुस्तकरूपाने छापली गेली. साचलेल्या पाण्याचा निचरा व्हावा म्हणून भुयारी मार्ग काढला, कर्मनाशा नदीवर दगडी पूल बांधायला मदत केली, औरंगजेबाच्या काळातल्या मशिदीचे कलायला आलेले मिनार दुरुस्त केले. आर्किटेक्ट व्हायचं राहून गेलं होतं ना, ती हौस अशी भागवली! शिवाय भट्टीतली प्रचंड उष्णता नेमकी कशी मोजायची, यावर त्याने लिहिलेला निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपर्यंत पोहोचला आणि 1828 मध्ये, तिशीही गाठायच्या आत, तो त्या संस्थेचा फेलो झाला.

1830 मध्ये वाराणसीची टांकसाळ बंद झाली आणि प्रिन्सेप कोलकात्याला परतला. तिथे होरेस हेमन विल्सन हे त्याचे वरिष्ठ. संस्कृतचे मोठे पंडित. 1832 मध्ये विल्सन इंग्लंडला गेले आणि टांकसाळीतली त्यांची मुख्य कस-तपासनीसाची जागा प्रिन्सेपला मिळाली. एशियाटिक सोसायटीचं सचिवपदही त्याच्याकडेच आलं. त्याच वर्षी सोसायटीचं मासिक सुरू झालं, त्याचा संपादकही तोच.

सकाळी वितळवायची, रात्री वाचायची

टांकसाळीचं काम काय, तर लोकांकडून येणारी जुनी नाणी, चांदी घ्यायची, कस लावायचा, वितळवायचं आणि नवी नाणी पाडायची. त्या काळी देशात रुपया एक नव्हता. कंपनीच्याच बंगाल, मद्रास आणि मुंबई इलाख्यांचे रुपये वेगवेगळे. आपल्याकडे तर चांदवडी, अंकुशी अशा रुपयांची चलती होती. एका गावचा रुपया दुसऱ्या गावी न्यायचा तर सराफ बट्टा कापणारच. हा गोंधळ मिटवण्यासाठी जे प्रयत्न झाले, त्यात प्रिन्सेपचा मोठा वाटा होता. वजनमापांत एकवाक्यता यावी म्हणून त्याने आग्रह धरला. 1835 मध्ये कंपनीच्या सगळ्या मुलखासाठी एकाच वजनाचा, एकाच कसाचा रुपया निघाला. वजन 180 ग्रेन, म्हणजे बरोब्बर एक तोळा. आपली आजी सोन्याचा हिशेब ज्या तोळ्यात करते ना, तोच तोळा.

म्हणजे दिवसभर काम काय, तर नाण्यांमधले फरक पुसून टाकायचे. आणि छंद बरोब्बर उलटा, प्रत्येक जुन्या नाण्यातला फरक जपायचा!

पण हा उलटेपणा त्याच्या कामी आला. नाणं हातात घेतलं की वजन करायचं, धातू ओळखायचा, कडा बघायची, ठसा कुठे सरकलाय ते पाहायचं, या सवयी त्याला नोकरीनेच लावलेल्या. बाकीचे हौशी लोक नाण्यावरच्या चित्राकडे बघून गोष्टी रचायचे. प्रिन्सेप आधी तराजू काढायचा.

पत्त्यासकट नाणं

1830 च्या सुमारास वायव्येकडून नाण्यांचा ओघ सुरू झाला. महाराजा रणजितसिंहांच्या फौजेत व्हेंचुरा नावाचा एक इटालियन सेनापती होता. त्याने 1830 मध्ये रावळपिंडीजवळच्या माणिक्याला इथला स्तूप खणला. आत थराथरांत डब्या, अवशेष आणि नाणी निघाली. अलेक्झांडर बर्न्स हा अधिकारी बुखाऱ्यापर्यंत प्रवास करून आला, त्यानेही नाणी आणली. डॉ. स्विनी यांच्याकडे संग्रह होता. काबूलहून करामत अली नाणी पाठवत होते, जौनपूरच्या बाजूने ट्रेगिअर. अलेक्झांडर कनिंगहॅम नावाचा एक पोरसवदा इंजिनीअरही प्रिन्सेपच्या नादाने या छंदात ओढला गेला. हाच कनिंगहॅम पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा पहिला प्रमुख झाला.

ही नाणी प्रिन्सेपच्या टेबलावर आली, की तो एक ठरलेलं काम करायचा. प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजू स्वतः हाताने रेखाटायचा. अक्षर पुसट असेल तर पुसटच काढायचं, अंदाजाने भर घालायची नाही. ज्याची नजर अधू म्हणून आर्किटेक्चर सुटलं, तोच माणूस आता भिंगातून झिजलेल्या अक्षरांची वळणं उतरवत होता! मग एकसारखी नाणी एकत्र लावायची. एकावर राजाच्या नावाचा पहिला भाग शाबूत असतो, दुसऱ्यावर शेवटचा. दहा तुटकी नाणी शेजारी ठेवली की एक पूर्ण ओळ तयार होते. आणि मासिकात छापताना हे नाणं कुणाच्या संग्रहातलं, कुठे मिळालं, हे नावानिशी द्यायचं.

शेवटची गोष्ट तुम्हाला किरकोळ वाटेल. पण खरी मेख तिथेच आहे. नाणं कुठे सापडलं हे कळलं, तरच तो राजा कुठे राज्य करत होता याचा अंदाज येतो. पत्ता हरवला की चांदीचा नुसता तुकडा उरतो. शिवाय आपलं नाव छापून आलं की पाठवणारा खूश. तो आणखी पाठवतो. त्याचं बघून दुसरा पाठवतो. आज आपण ज्याला क्राउडसोर्सिंग म्हणतो, ते या माणसाने टपालावर चालवलं होतं!

काबूलचा फरार सैनिक

पाठवणाऱ्यांमधला एक जण मात्र सगळ्यांत वेगळा. चार्ल्स मॅसन. हे त्याचं खरं नावच नव्हतं. खरं नाव जेम्स लुईस. कंपनीच्या तोफखान्यातला साधा शिपाई. 1827 मध्ये तो सैन्यातून पळाला, नाव बदललं आणि पायी भटकत भटकत अफगाणिस्तानात पोहोचला. पकडला गेला असता तर शिक्षा ठरलेली.

काबूलच्या उत्तरेला बेग्राम नावाचं मैदान आहे. एके काळी तिथे मोठं शहर होतं. मेंढपाळांना, शेतकऱ्यांना तिथे नाणी सापडायची आणि ती भांड्यांसाठी वितळवली जायची. मॅसनने 1833 पासून ती विकत घ्यायला सुरुवात केली. पहिल्याच वर्षी जवळपास 1900 नाणी! पुढे त्याच्या खोदकामासाठी कंपनीच्या मुंबई सरकारने पैसे दिले. पाच-सहा वर्षांत त्याने जमवलेल्या नाण्यांचा आकडा साठ हजारांच्या आसपास गेला. 1835 मध्ये त्याचं बिंग फुटलेलंच होतं. कंपनीने माफी दिली, पण बदल्यात काबूलच्या बातम्या पुरवायचं काम गळ्यात मारलं.

या नाण्यांमध्ये एक गंमत होती. एका बाजूला ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला एक अनोळखी लिपी. ग्रीक तर वाचता येत होती. तिथे मेनँडर, अपोलोडोटस अशा राजांची नावं होती. मॅसनच्या लक्षात आलं, की जिथे ग्रीकमध्ये मेनँडर असतं, तिथे मागच्या बाजूला दर वेळी तीच ठरावीक अक्षरं येतात. अपोलोडोटस असेल तर दुसरी ठरावीक अक्षरं. म्हणजे दोन्हीकडे मजकूर एकच आहे! काही नावं आणि पदव्या त्याने जुळवून काढल्या आणि प्रिन्सेपला कळवल्या.

आता इथे जरा थांबा आणि विचार करा. पाठवणारा कोण, तर ज्याची फारशी पत नाही असा एक फरार शिपाई. घेणारा कोण, तर एशियाटिक सोसायटीचा सचिव, मासिकाचा संपादक, रॉयल सोसायटीचा फेलो. मॅसनची कल्पना आपल्या नावावर खपवली असती तर कोण विचारणार होतं? प्रिन्सेपने तसं केलं नाही. पहिला धागा मॅसनने दिला, असं सांगूनच त्याने हे काम छापलं आणि मग जास्तीची नाणी लावून ते पुढे नेलं.

चुकला, आणि चुकलो म्हणाला

प्रिन्सेप काही देवमाणूस नव्हता. चुकायचा, आणि चांगलाच चुकायचा. या अनोळखी लिपीला आज आपण खरोष्ठी म्हणतो. ती उजवीकडून डावीकडे लिहिली जाते. त्यामुळे सुरुवातीला त्याला वाटलं, की ही भाषा पहलवी असणार, इराणकडची. त्या समजुतीने त्याने लावलेले बरेच अर्थ फसले. पण नाणी येत राहिली, तक्ते वाढत राहिले आणि 1838 मध्ये त्याने आपलंच आधीचं म्हणणं बाजूला ठेवलं. ही भाषा इराणी नाही, आपल्या संस्कृत-पालीच्या कुळातली प्राकृत आहे. ग्रीक बाजूवर राजासाठी बॅसिलिऑस असेल, तर मागे महाराज आहे. राज्यांच्या त्या सीमेवरचा ग्रीक राजा नाण्याच्या एका बाजूला आपल्या भाषेत बोलत होता आणि दुसऱ्या बाजूला रयतेच्या! खरोष्ठीची सगळी अक्षरं काही प्रिन्सेपला लागली नाहीत. उरलेली लासेन, नॉरिस, कनिंगहॅम या मंडळींनी लावली. पण कुलूप उघडलं होतं.

दुसरी लिपी ब्राह्मी. दिल्ली, अलाहाबादच्या दगडी खांबांवर ती शेकडो वर्षं लोकांच्या डोळ्यांसमोर होती, वाचता कुणालाच येत नव्हती. अलाहाबादच्या खांबावरची अक्षरं घेऊन प्रिन्सेपने 1834 मध्येच तक्ते मांडले होते. मूळ अक्षर तेच राहतं आणि त्याला काना-मात्रा-वेलांटीसारख्या खुणा जोडल्या जातात, हे त्याला दिसलं होतं. मराठी बाराखडी येणाऱ्याला यात नवल वाटणार नाही, पण तेव्हा ही मोठी पायरी होती. 1836 मध्ये जर्मनीतल्या बॉन इथे ख्रिस्तियान लासेन यांनी अगॅथोक्लीज या ग्रीक राजाच्या नाण्यावरचं नाव ब्राह्मीत वाचलं. इथेही मदतीला आलं ते दोन लिप्यांचं नाणंच.

मग 1837 उजाडलं. कॅप्टन एडवर्ड स्मिथने सांचीच्या स्तूपाच्या कठड्यावरच्या छोट्या छोट्या लेखांचे ठसे पाठवले. प्रिन्सेप ते छपाईसाठी लावत होता. लेख वेगवेगळे, पण बहुतेकांचा शेवट त्याच दोन अक्षरांनी. त्याच्या मनात आलं, देवळांत लोक काय लिहितात? अमुक अमुक याने दिलं. आपल्याकडे नाही का, देवळाच्या पायरीवर, पंख्यावर, बाकावर देणगीदाराचं नाव असतं! मग ती दोन अक्षरं 'दानं' असली तर? आणि त्याआधी वारंवार येणारं अक्षर 'स', म्हणजे 'अमक्याचं'? किल्ली बसली. थोड्याच दिवसांत जवळपास सगळी अक्षरं हाती आली. कमलाकांत विद्यालंकार यांच्यासारखे पंडित भाषेचा अर्थ लावायला सोबत होते. शेकडो वर्षं मुके असलेले खांब बोलू लागले.

खांबांवर राजाचं नाव होतं, देवानंपिय पियदसि. हा कोण? इथेही प्रिन्सेप आधी चुकला. त्याला वाटलं, हा श्रीलंकेचा राजा असणार, कारण त्या नावाचा राजा तिथे होऊन गेला होता. मग श्रीलंकेत अधिकारी असलेल्या जॉर्ज टर्नर यांनी पाली ग्रंथ धुंडाळून कळवलं, की हे बिरुद चंद्रगुप्त मौर्याच्या नातवाचं आहे. म्हणजे अशोकाचं! प्रिन्सेपने लगोलग मासिकात आपली चूक दुरुस्त केली, श्रेय टर्नर यांना दिलं. पुराणांतल्या राजांच्या यादीतलं एक नाव तोपर्यंत झाकलेलं होतं. तो अशोक असा समोर आला. ज्याचं चिन्ह आज आपल्या प्रत्येक नाण्यावर आहे, तोच हा अशोक.

या कामात मुंबईचाही हात आहे बरं का. गिरनारच्या शिळेवरच्या लेखांची प्रत प्रिन्सेपकडे पोहोचली ती मुंबईतल्या डॉ. जॉन विल्सन यांच्यामार्फत. आपल्या गिरगाव चौपाटीसमोरचं विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाचं, तेच हे विल्सन. त्या लेखांत प्रिन्सेपला अँटिओकस, टॉलेमी, मॅगस अशी ग्रीक राजांची नावं सापडली. त्यांचा काळ आधीपासून ठाऊक होता. त्यामुळे अशोकाचा काळ ठरवता आला.

शेवट

दिवसा टांकसाळ, संध्याकाळी सोसायटी, रात्री नाणी आणि मासिकाची प्रुफं. वर्षानुवर्षं हेच. 1835 मध्ये त्याचं हॅरिएटशी लग्न झालं, 1837 मध्ये मुलगी झाली. पण विश्रांती नावाची गोष्ट त्याच्या वेळापत्रकात नव्हतीच. 1838 च्या मध्यावर भयंकर डोकेदुखी सुरू झाली. दुखणं थांबेना. वर्ष संपायच्या आत त्याला काम अर्धवट टाकून इंग्लंडला जाणाऱ्या जहाजावर चढावं लागलं. मेंदूच्या आजाराने हळूहळू त्याचं भान हरपत गेलं. ज्याने दोन लिप्या ओळखल्या, त्याला शेवटी ओळखीचंच काही उरलं नाही. 22 एप्रिल 1840 रोजी लंडनमध्ये तो गेला. वय अवघं 40.

हसल कल्चरचे गोडवे गाणाऱ्यांनी ही तारीखही लक्षात ठेवावी. काम मोठंच होतं. पण तो आणखी वीस वर्षं जगता तर?

कोलकात्याच्या लोकांनी वर्गणी काढून 1843 मध्ये हुगळीच्या काठी त्याच्या नावाचा घाट बांधला. प्रिन्सेप घाट. आज शेजारी विद्यासागर सेतू आहे, संध्याकाळी तिथे तुमच्याच वयाच्या पोरापोरींची गर्दी असते.

आणि मॅसनच्या नाण्यांचं काय झालं? ती लंडनला गेली. त्यांच्यावर 1841 मध्ये मोठा ग्रंथ निघाला, मुखपृष्ठावर नाव होरेस विल्सन यांचं. नंतर नाणी पांगली, काही विकली गेली, कितीतरी चिठ्ठीविना पडून राहिली. 1990 च्या दशकात लंडनमधल्या संशोधकांना त्यातली हजारो नाणी पुन्हा सापडली. मॅसनची हस्तलिखितं, त्याची रेखाटनं शेजारी ठेवून कोणतं नाणं कुठलं, हे परत जुळवण्याचं काम सुरू झालं. म्हणजे दीडशे वर्षांनंतर कामाला आली ती त्या फरार शिपायाने केलेली नोंद!

आता आपल्या मातीत येऊ. 1906 मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. सुमारे 13,250 नाणी, क्षहरात राजा नहपान याची. त्यांतल्या 9000 हून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला. नहपानाला सातवाहनांनी हरवलं, याचा याहून ढळढळीत पुरावा कोणता? रेव्हरंड स्कॉट यांनी या साठ्याची छाननी करून नोंद केली. नहपानाच्या या नाण्यांवर तीन लिप्या आहेत. ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी. त्यातल्या दोन वाचता आल्या, कारण सत्तर वर्षांपूर्वी कोलकात्यात एका माणसाने दुसऱ्यांची नाणी नीट बघितली होती, नीट लिहून ठेवली होती.

तेव्हा माळ्यावरचा तो डबा खाली काढा. आजी आहे तोवर तिच्याजवळ बसा. कोणतं नाणं कुठून आलं ते विचारा. तिला जे आठवतं, ते तुम्ही आज लिहिलं नाही तर उद्या कुठल्याही गुगलवर सापडणार नाही.

डबा सापडला तर?

- घासू नका. चिंच, पितांबरी, लिंबू, टूथपेस्ट काहीही नको. नाणं चकचकीत होतं, पण अक्षरं आणखी झिजतात. जुना थर नाण्याचं वय सांगतो.
- कडेने धरा. बोटांचा घाम धातूला खातो. खाली मऊ कापड अंथरा.
- एक नाणं, एक पाकीट, एक नंबर. तोच नंबर वहीत. नाणी एकमेकांत मिसळू देऊ नका.
- दोन्ही बाजूंचे फोटो, वजन आणि व्यास. साधा डिजिटल काटा आणि पट्टी पुरते.
- दिसतं तेवढंच लिहा. अक्षर अर्धं असेल तर अर्धंच. अंदाज लिहायचा असेल तर वेगळ्या रकान्यात, प्रश्नचिन्हासह.
- साल बघताना थांबा. ते इसवी सन असेलच असं नाही. हिजरी, शक, विक्रम संवत, काहीही असू शकतं.
- कुणाचं, कुठून, कुणी सांगितलं हे तीन रकाने रिकामे सोडू नका. ज्याने माहिती दिली त्याचं नाव लिहा.
- चूक खोडू नका. तिच्यावर एक रेघ मारा, शेजारी तारीख घालून नवं लिहा.
- जमिनीत, शेतात खजिना सापडला तर तो घरचा संग्रह नव्हे. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.
- जाऊन बघा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं नाण्यांचं दालन आणि नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्थेचं संग्रहालय. आपल्या डब्यातलं नाणं तिथे काचेआड दिसलं की अंगावर काटा येतो!